शिवाजी पार्कवरचं बिऱ्हाड

३ जानेवारी २०१९ ची सकाळ. सिडनीच्या मैदानावर भारतीय संघ मालिकेतल्या शेवटच्या कसोटीसाठी उतरला तेव्हा खेळाडूंच्या दंडावर काळ्या फिती होत्या. त्या दिवशी चेतेश्वर पुजारानं नाबाद १३० धावा केल्या, पुढे ती मालिका भारतानं २-१ अशी जिंकली आणि ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका जिंकण्याचं सात दशकांचं स्वप्न पुरं झालं. या सगळ्या गडबडीत ती काळी फीत कोणासाठी होती, हे अनेकांच्या ध्यानातही आलं नसेल.

ज्यांच्यासाठी ती बांधली होती, ते गृहस्थ भारताकडून एकही सामना खेळले नव्हते. प्रथम श्रेणीचा जेमतेम एक सामना त्यांच्या नावावर होता, तोही १९६३ सालचा. आदल्या संध्याकाळी मुंबईत दादरच्या राहत्या घरी त्यांनी शेवटचा श्वास घेतला होता. नाव रमाकांत विठ्ठल आचरेकर. जन्म १९३२, मालवण.

मुंबईच्या मैदानांवर मात्र हे नाव पूर्ण घेण्याची वेळ कोणावर यायची नाही. नुसतं 'सर' म्हटलं की पुरे.

आचऱ्याचे आचरेकर

सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या सी व्ह्यू पॉइंटवर उभं राहिलं आणि आभाळ निवळ असलं, तर डोंगरउतारांच्या पलीकडे समुद्राची धूसर रेघ दिसते. त्या किनाऱ्यावर मालवण आहे आणि मालवण तालुक्यातच आचरा. आचरेकर म्हणजे मूळचे आचऱ्याचे. हे गाव रामेश्वराच्या देवळासाठी ओळखलं जातं आणि त्याहून जास्त गावपळणीसाठी. ठरावीक वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळं गाव घरांना कड्या लावून, गुरंढोरं, कोंबड्या-कुत्री बरोबर घेऊन वेशीबाहेर पडतं. तीन दिवस राहुट्या टाकून उघड्यावर संसार मांडतं आणि पुन्हा कौल मिळाला की परततं. आभाळाखाली चूल मांडायची या गावाला सवय आहे. आचरेकर सरांनीही पुढे आपलं दुसरं बिऱ्हाड उघड्यावरच मांडलं, दादरच्या शिवाजी पार्कवर. फक्त ते तीन दिवसांचं नव्हतं, काही दशकांचं होतं.

तळकोकणात क्रिकेट काही कमी खेळलं जात नाही. आंबोलीसारख्या धो धो पावसाच्या गावात जूनपासून चार महिने मैदान विसरावं लागतं. पाऊस सरला, भात कापून झालं की खाली मळे मोकळे होतात, आणि मग गावोगाव अंडरआर्म आणि ओव्हरआर्म स्पर्धांचा मोसम सुरू होतो. मे महिन्यात चाकरमानी आले की त्याला आणखी ऊत येतो. पण हे टेनिस चेंडूचं क्रिकेट. लेदरचा चेंडू, खेळपट्टी, नेट, शाळांच्या स्पर्धा हा सगळा पसारा मुंबईत. मुंबईला तर पावसाचंही वावडं नाही. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग खास पावसाळ्यातच, ओल्या खेळपट्ट्यांवर आणि वाढलेल्या गवतात खेळली जाते.

मालवणचा हा मुलगा त्याच मुंबईत वाढला. १९४५ साली, वयाच्या जेमतेम तेराव्या वर्षी, तो न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळत होता. नंतर यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट असे संघ झाले. या नावांतच त्या काळच्या मुंबईचं अर्थकारण आहे. गिरण्या, बंदर, बँका, रेल्वे हे सगळे आपापले क्रिकेट संघ बाळगत आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देत. मध्यमवर्गीय मराठी मुलाला क्रिकेट परवडायचं ते या व्यवस्थेमुळे. आचरेकर स्टेट बँकेत लागले. मोईनुद्दौला स्पर्धेत हैदराबादविरुद्धचा तो एकमेव प्रथम श्रेणी सामनाही ते स्टेट बँकेकडूनच खेळले.

खेळाडू म्हणून त्यांची गोष्ट इथं संपते, आणि खरी गोष्ट सुरू होते.

नेट कमी, सामने जास्त

शिवाजी पार्क म्हणजे सुमारे २८ एकरांचं मोकळं मैदान. एका अंगाला अनेक क्लबांची नेट शेजारीशेजारी लागलेली, मधोमध एकाच वेळी चार-पाच सामने चाललेले, एका सामन्याचा डीप फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. कडेच्या कट्ट्यावर बसलेले आजोबा कोणाचा पाय कुठे पडला हे मोठ्यानं सांगणारे. याच मैदानावर सरांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब चालवला. शारदाश्रम विद्यामंदिर शाळेच्या मुलांनाही ते शिकवत. डोक्याला टोपी, खाली स्कूटर आणि तोंडात मोजकेच शब्द, अशी त्यांची ओळख होती.

त्यांच्या शिकवण्यात एक गोष्ट बाकीच्यांपेक्षा निराळी होती. त्यांचा नेटपेक्षा सामन्यावर भरवसा जास्त होता. हे कळायला क्रिकेटचं फार ज्ञान लागत नाही. नेटमध्ये फलंदाज दहा वेळा बाद झाला तरी अकरावा चेंडू खेळतो. क्षेत्ररक्षक नसतात, धावफलक नसतो, भीती नसते. सामन्यात पहिल्याच चेंडूवर दांडी उडाली तर दिवसभर झाडाखाली बसावं लागतं. चूक महाग पडते, म्हणून ती लक्षात राहते. आपल्या मुलांनी वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षीच ही किंमत मोजायला शिकावं, असा सरांचा हिशेब होता. त्यासाठी ते सामने जमवत राहायचे. या क्लबशी बोल, त्या मैदानावर खेळपट्टी मिळव, अकरा पोरं गोळा कर, पंच शोध. प्रशिक्षकाच्या कामातला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः उचलला.

सचिन तेंडुलकरनं आपल्या आत्मचरित्रात एका उन्हाळी सुट्टीचा हिशेब दिला आहे. सुट्टीचे दिवस ६०, सराव सामने ५५. सकाळी नेट, मग सामना, संध्याकाळी पुन्हा नेट. शेवटच्या पंधरा मिनिटांत सर मधल्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला जो बाद करील, नाणं त्याचं. कोणालाच जमलं नाही तर सचिनचं. यात खोच अशी की झेल पकडायला मैदानावरची साठ-सत्तर पोरं पसरलेली असत, म्हणजे चेंडू हवेत उडवण्याची सोयच नाही. थकलेल्या पायांनी, उतरत्या उन्हात, एवढ्या गर्दीतून चेंडू जमिनीलगत काढायचा. अशी तेरा नाणी सचिननं कमावली आणि आजवर जपून ठेवली आहेत. हे झाल्यावरही सुटका नसे. पॅड-ग्लोव्हजसकट शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून मग घर.

या सचिनचा प्रवेशही सहज झालेला नव्हता. १९८४ च्या उन्हाळ्यात थोरला भाऊ अजित त्याला शिबिरात घेऊन आला. अकरा वर्षांचा पोरगा सरांसमोर बिचकला, धड खेळेना. सरांचं मत फारसं अनुकूल झालं नाही. अजितनं विनंती केली: सर, तुम्ही निघून गेल्यासारखं दाखवा आणि लांबून बघा. सर झाडाआड गेले. पोराला वाटलं कोणी बघत नाही, आणि तो मोकळा होऊन खेळला. त्याची जागा पक्की झाली.

झाडाआडून बघणं ही पुढे सरांची रीतच होती. सामना चालू असताना ते कडेला कुठे तरी उभे असत, कोणाला न दिसता, आणि चुका कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून ठेवत. सामना संपला की हिशेब. तंत्रावर लांबलचक प्रवचन नाही. सचिन बॅट फार खाली धरायचा, ती पकड बदलून पाहा असं त्यांनी सुचवलं होतं. पण नव्या पकडीत पोराला अवघडल्यासारखं होतंय हे दिसल्यावर त्यांनी हट्ट धरला नाही. पुस्तकातल्या नियमापेक्षा समोरचा मुलगा बघायचा, हे कसब शिकवून येत नाही.

स्कूटरवरचं पालकत्व

सरांना बरीच मुलं होती. घरातली वेगळी, मैदानावरची वेगळी, आणि दोन्हींमध्ये फार मोठी भिंत नव्हती.

सचिन वांद्र्याच्या साहित्य सहवासात राहायचा. उन्हाळ्यात सोसायटीतल्या मित्रांबरोबर खेळायची ओढ मोठी. कधी कधी तो शिवाजी पार्कला दांडी मारी. मग सरांची स्कूटर थेट साहित्य सहवासाच्या आवारात येई. पोराला खेळातून उठवायचं, कपडे बदलायला लावायचं, मागे बसवायचं आणि दादर गाठायचं. एखाद्या दिवशी एका मैदानावरचा डाव संपला की त्याच स्कूटरवरून दुसऱ्या मैदानावर. शिवाजी पार्क ते आझाद मैदान असं मुंबईभर सरांनी आपल्याला फिरवलं, कारण आपल्याला सामन्यांचा सराव मिळावा, असं सचिननं निवृत्तीच्या भाषणात सांगितलं. वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात जा, हा सल्लाही सरांचाच. त्यासाठी सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. एका कुटुंबानं आपल्या धाकट्या मुलाचं घर, शाळा आणि दिनक्रम एका प्रशिक्षकाच्या शब्दावर बदलला. तो विश्वास काही पुरस्कारांमुळे आलेला नव्हता. पुरस्कार तेव्हा मिळालेच नव्हते. द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला १९९० मध्ये, पद्मश्री २०१० मध्ये.

विनोद कांबळी कांजूरमार्गहून लोकलनं यायचा. सचिन प्राध्यापकाच्या घरातला, विनोद चाळीतला. शिवाजी पार्कवर दोघांना काम एकच: खेळपट्टीवर पाणी मारा, रोलर ओढा, नेट बांधा आणि क्लबचं साहित्य स्वतःचं समजून जपा. किट महाग होतं आणि ते सगळ्यांचं होतं. एकत्र कुटुंबात जशी कामं वाटलेली असतात तसाच हा प्रकार होता.

आणि जेवणही होतं. सरांच्या घरी मटणाचा रस्सा, पाव, लिंबू आणि कांदा, आणि वाढायला सरांच्या पत्नी. या बेताची आठवण सचिननं अनेक वर्षांनी भर सभेत काढली. मैदानावर ज्यांच्या नजरेला घाबरायचं, त्यांच्याच घरी पाटावर बसून पोटभर जेवायचं. मुंबईतल्या मालवणी घराला हे नवं नाही. गावाकडून आलेला भाचा, शेजाऱ्याचा पोरगा, ओळखीचं कोणीही असो, पंक्तीला एक पान जास्त पडतंच. सरांच्या मुली तर क्रिकेटच्या या धबडग्यातच लहानाच्या मोठ्या झाल्या आणि सर थकल्यावर क्लबचं काम पुढे नेण्यात त्यांचाही हात राहिला.

न बोलणारा बाप

सर कोणाला 'छान खेळलास' म्हणत नसत. शतक झालं तरी नाही. पोरगा शेफारेल, ही भीती. खेळ खरोखरच मनाजोगता झाला तर खांद्यावर हात पडायचा किंवा वडापाव खायला पैसे मिळायचे. ती त्यांची शाबासकी, आणि पोरांना ती बरोबर कळायची. जुन्या पिढीतल्या कोकणी बापांना ओळखणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मुलगा पास झाल्याचं कळल्यावर मुलाला काही न बोलता शेजाऱ्याला पेढा देणारे हे बाप.

राग मात्र स्पष्ट दिसायचा. सचिननं अनेकदा सांगितलेला प्रसंग आहे. सरांनी त्याच्यासाठी एक सामना ठरवला होता. तो मात्र शाळेच्या मोठ्या संघाचा हॅरिस शील्डचा, म्हणजे सोळा वर्षांखालील शालेय मुलांच्या मुंबईतल्या मानाच्या स्पर्धेचा, अंतिम सामना बघायला वानखेडेवर गेला. तिथं सर भेटले. किती धावा केल्यास, असं त्यांनी विचारलं. सामना बघायला आलो, असं उत्तर ऐकताच सगळ्यांदेखत कानाखाली बसली, हातातला डबा उडून पडला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, या अर्थाचं काहीतरी सर म्हणाले. सचिन ही गोष्ट कृतज्ञतेनं सांगतो.

आज मात्र ती तितक्याच कौतुकानं ऐकता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी केली आहे, आणि ते योग्यच आहे. एका थपडेनं एक सचिन सुधारला असेल, पण थपडेनं मैदानच सोडून गेलेल्या मुलांची यादी कोणी ठेवलेली नाही. सर त्यांच्या काळाचे होते. त्यांच्याकडून घ्यायचे ते ५५ सामने, झाडाआडची नजर आणि घरातली पंगत. थप्पड त्या काळातच राहू द्यावी.

त्यांचा धाक असूनही पोरं पोरंच राहिली, याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे फेब्रुवारी १९८८ मधला तो जगप्रसिद्ध डाव. आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, शारदाश्रमविरुद्ध सेंट झेव्हियर्स. सचिन आणि विनोद खेळपट्टीवर जमले आणि हलेनात. सरांचा निरोप होता की डाव घोषित करा. सहायक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण सीमेवरून हाका मारत होते. दोघं त्यांच्याकडे बघायचंच टाळत होते. विनोद तर खेळता खेळता गाणी म्हणत होता. शेवटी दुसऱ्या दिवशी उपाहाराला फोनवर सर स्वतः आले तेव्हा कुठे डाव थांबला. विनोद ३४९ वर होता, एक धाव करू द्या म्हणून त्यानं विनवलं. नाही म्हणजे नाही. सचिन नाबाद ३२६, भागीदारी ६६४, धावफलक २ बाद ७४८. कुठल्याही दर्जाच्या क्रिकेटमधली ती तेव्हा सर्वात मोठी भागीदारी होती. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ती मोडली. नंतर विनोदनं गोलंदाजीत सहा बळीही घेतले.

त्या दोन दिवसांत पॅड बांधून, पुढची पाळी आपली म्हणून बसून राहिलेला एक मुलगा होता, अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

एकाच नेटमधून निघालेली मुलं

सरांच्या शिष्यांची यादी वाचताना लोक सचिनपाशी थांबतात. ती तिथं संपत नाही आणि सुरूही तिथून होत नाही. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर गॉर्डन ग्रीनिजनं सोडून दिलेला चेंडू आत वळून त्याच्या दांडीवर आदळला. तो टाकणारे बलविंदरसिंग संधू सरांचे. १९९२ मध्ये डरबनला कसोटी पदार्पणातच शतक ठोकणारे प्रवीण आमरे सरांचे. मार्च २००१ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या थरारक पाठलागात पदार्पणाचाच सामना खेळत असूनही नाबाद २२ धावा करून शेवटपर्यंत उभे राहिलेले समीर दिघे सरांचे. अजित आगरकर सरांचे.

या यादीची दुसरी बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. या मुलांपैकी कितीतरी जण स्वतः प्रशिक्षक झाले. लालचंद राजपूत २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे क्रिकेट व्यवस्थापक होते, आणि २०१७ मध्ये अफगाणिस्तानला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक. चंद्रकांत पंडित यांनी कधीही रणजी न जिंकलेल्या विदर्भाला लागोपाठ दोनदा विजेतं केलं आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला पहिलं रणजी जेतेपद मिळवून दिलं, तेही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. संजय बांगर भारताचे फलंदाजी प्रशिक्षक झाले, पारस म्हांब्रे गोलंदाजी प्रशिक्षक. रमेश पोवार यांनी भारतीय महिला संघाला शिकवलं. अजिंक्य रहाणेची फलंदाजी आमऱ्यांच्या हाताखाली घडली. आगरकर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले.

एकाच नेटमधून एवढे प्रशिक्षक निघावेत, हा योगायोग वाटत नाही. ज्या मुलानं रोलर ओढला, नेट बांधली, दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत झाडाखाली बसून खेळ वाचला, त्याला क्रिकेटची फक्त फलंदाजी येत नाही, त्याचं घर चालवणंही येतं.

आणि याच घरातल्या दोन भावांसारख्या दोन मुलांची आयुष्यं किती निराळी गेली, हेही नोंदवायला हवं. विनोद कांबळीनं १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं केली. १७ कसोटींत ५४.२० ची सरासरी राखली, आणि शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो अवघ्या २३ वर्षांचा होता. स्कूटर तीच, सर तेच, रुपयाचं नाणंही तेच. प्रशिक्षक मुलाला सवयी देऊ शकतो. पुढचं सगळं त्याच्या हातात नसतं.

उंचावलेल्या बॅटी

पुढे अर्धांगवायूच्या झटक्यानं सर चाकांच्या खुर्चीला खिळले. बोलणं आधीच कमी, ते आणखी कमी झालं. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिनच्या अखेरच्या कसोटीला त्यांना वानखेडेवर आणलं होतं. एरवी ते टीव्हीसमोर बसून शिष्याचा खेळ बघत. १६ नोव्हेंबरला निरोपाच्या भाषणात सचिननं गमतीनं म्हटलं, की गेल्या २९ वर्षांत सर मला कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. आता म्हणायला हरकत नाही, कारण आता माझा एकही सामना उरलेला नाही.

सर गेल्यावर अंत्ययात्रेत सचिननं खांदा दिला, विनोद बरोबर होता. शिवाजी पार्कवर शाळकरी मुलांनी दोन्ही बाजूंना उभं राहून बॅटी उंचावल्या आणि त्या कमानीखालून त्यांचं पार्थिव नेलं. पद्मश्री असूनही शासकीय इतमाम मिळाला नाही, यावरून टीका झाली; निरोप पोहोचण्यात गफलत झाल्याचं सरकारकडून सांगण्यात आलं. मैदानावरच्या पोरांच्या बाजूनं मात्र कुठलीच गफलत झाली नव्हती.

३ डिसेंबर २०२४ ला, सरांच्या जयंतीदिनी, शिवाजी पार्कच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. सचिन होता, खंगलेला विनोदही होता. विनोदनं माइक हातात घेतला आणि भाषण न करता 'प्यासा' चित्रपटातलं तेलमालिशवाल्याचं गाणं म्हटलं. ते सरांचं आवडतं गाणं होतं. कडक शिस्तीच्या त्या माणसाची ही बाजू घरातल्यांना आणि पोरांनाच ठाऊक होती.

सिंधुदुर्गात आजही गावोगाव मळ्यात स्टंप रोवून शिकवणारे मास्तर आणि दादा आहेत. कोणी शाळेत शिक्षक, कोणी एसटीत, कोणी दुकान चालवून संध्याकाळी पोरं गोळा करणारा. आंबोलीच्या पावसात मैदान मिळत नाही तेव्हा ते व्हरांड्यात झेलांचा सराव घेतात. त्यांना अकादमी, बोलिंग मशीन, व्हिडिओ विश्लेषण मिळेल तेव्हा मिळेल. मालवणात जन्मलेल्या एका माणसानं दाखवून दिलेली पद्धत मात्र आजही परवडणारी आहे: पोरांना भरपूर सामने खेळवायचे, लांबून नीट बघायचं आणि भूक लागली की खायला घालायचं.

राहिला अमोल मुझुमदार. आझाद मैदानावर दोन दिवस पॅड बांधून बसलेला हा मुलगा पुढे मुंबईकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात २६० धावा करून गेला. प्रथम श्रेणीत त्यानं अकरा हजारांहून अधिक धावा केल्या, पण भारताकडून खेळायची त्याची पाळी आलीच नाही. २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. त्यानंतर मैदानावरच कर्णधार हरमनप्रीत कौर आपल्या या सरांच्या पाया पडली.